८७ वरून १७४ वर: हिप-हॉप आणि बास म्युझिकचा सेट कसा बांधावा

विसर्जन मिरवणुकीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिला असाल, तर या सेटचं, म्हणजे डीजेने सलग वाजवायच्या गाण्यांच्या मालिकेचं, मर्म तुम्हाला आधीच ठाऊक आहे. ढोल संथ, भारदस्त पडतो आणि त्याच ठेक्यात ताशा दुपटीने कडकडतो. हिप-हॉपवरून ड्रम अँड बास या वेगवान नाचाच्या संगीतावर जाताना हेच करायचं.

आधी गाणी वेगानुसार लावा. जुन्या वळणाचं हिप-हॉप साधारण ८५ ते १०० बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके), डबस्टेप १४०, ड्रम अँड बास १७० ते १७५. म्हणजे ८७ चा रॅप आणि १७४ चा ट्रॅक एकमेकांवर चपखल बसतात. ७० आणि १४० चंही तेच. सॉफ्टवेअर कधीकधी १४० ला ७० दाखवतं, म्हणून टाळी देत स्वतः मोजा. ९५ वरून १४० वर मात्र ओढूनताणून जाऊ नका. इको लावून जुनं गाणं सोडा, क्षणभर शांतता ठेवा आणि नवा ट्रॅक थेट ड्रॉपपासून, म्हणजे बास आणि ठेका जोरात कोसळतो तिथून, सुरू करा.

सगळ्यात जास्त सराव बासचा करा. मुंढव्यातल्या एका हॉलमध्ये मी दोन ट्रॅकचे बास एकत्र सोडले होते. नुसता घोंगाट झाला आणि रॅपचा एक शब्द कळेना. आता नवा ट्रॅक आणताना त्याचा लो नॉब, म्हणजे मिक्सरवरचं बास कमी-जास्त करणारं बटण, पूर्ण बंद ठेवते. वरचे हाय-हॅट्स (झांजेसारखे बारीक ठोके) हळूहळू आत येऊ देते, मनात आठ बार (एक बार म्हणजे चार ठोके) मोजते आणि नवव्याच्या पहिल्या ठोक्यावर डाव्या हाताने जुन्याचा लो खाली, उजव्याने नव्याचा वर. जमिनीतून येणारा तो धक्का छातीत जाणवला, की समजायचं जमलं.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने लोक गाण्याच्या कुठल्या तुकड्यावर नाचतात ते हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती वापरून तोच ब्रेक, म्हणजे नुसत्या तालवाद्यांचा तुकडा, लांबवला. तुम्हीही मान खाली घालून स्क्रीन बघत बसू नका. ताडीवाला रोडच्या रॅपर एमसी स्टॅनची ओळ लागली आणि पब्लिक सोबत म्हणू लागलं, तर ती लूप करा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवा. बास त्यानंतर.

सलग दोन-तीन ड्रॉप झाले, की एखादा रॅप मोकळा वाजू द्या. पायांना दम लागतो.

मोकळ्या लॉनवर वाजवणार असाल, तर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात. १७४ चा टप्पा ९:२० लाच सुरू करा.