आधी मक्याचा ब्रेड भाजा, मग प्रकरण वाचा

अमेरिकेच्या दक्षिणेतली कादंबरी वाचनगटात घेणार असाल तर पहिली बैठक स्वयंपाकघराजवळ ठेवा. त्या लेखनात माणसाचा वर्ण, ऐपत आणि मान ताटावरून कळतो. सांगली-साताऱ्यात लागणारं सामान सहज मिळतं.

दीड वाटी मक्याचं पीठ घ्या. भाकरीचं बारीक पीठ नको, त्याचा ब्रेड चिकट आणि गच्च होतो. गिरणीत रवाळ दळून मागा. दुकानातलं पांढरं कॉर्नफ्लोअर तर अजिबात नको, तो नुसता स्टार्च, त्याची खळ होते. पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, एक अंडं, सव्वा वाटी दाट ताक. ताक आंबटच हवं. नाहीतर सोडा नीट फुलत नाही, ब्रेड बसतो आणि साबणासारखी चव मागे राहते. बिडाच्या खोलगट तव्यात तीन चमचे तेल चांगलं तापवून मिश्रण ओता; चर्र आवाज आला पाहिजे. तवा थंड असेल तर खालची खरपूस कड येत नाही. ओव्हनमध्ये 220 अंशांवर 20 ते 25 मिनिटं; ओव्हन नसेल तर झाकण ठेवून मंद आचेवर भाजा आणि मग उलटा. साखर घालू नका, जुन्या दक्षिणी पद्धतीत ती नसते किंवा नावापुरती असते.

सोबत गुऱ्हाळावरची काकवी ठेवा आणि हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीचं (1960) तिसरं प्रकरण मोठ्यानं वाचा. गरीब शेतकऱ्याचा मुलगा वॉल्टर जेवायला आलाय. तो भाजीवर, मांसावर काकवीसारखा पाक ओततो, घरातली मुलगी स्काउट त्याला टोकते, आणि स्वयंपाकीण कॅलपर्निया तिला आत नेऊन झापते. पाहुण्याचा मान कसा राखावा हे गोऱ्या पोरीला शिकवते ती काळी बाई, जिचं काम त्या घरात रांधायचं आणि वाढायचं. खरं वाचायचं ते हे.

वहीत चार रकाने आखा: रांधलं कोणी, वाढलं कोणी, कोण कुठे बसलं, अन्न आलं कुठून. ‘प्रतीक’ हा शब्द रकाने भरेपर्यंत कोणी काढायचा नाही. तो आधी आला की ‘पाक म्हणजे गरिबी’ एवढं लिहून लोक मोकळे होतात. मग बाविसावं प्रकरण घ्या. स्काउटचे वडील ॲटिकस हे वकील; एका काळ्या माणसाच्या बचावाचा खटला ते हरल्यावर काळ्या वस्तीतून त्यांच्या घरी अन्न येतं, आणि शेवटचा रकाना एकदम उलटतो: ज्यांच्याकडे सर्वांत कमी, त्यांनीच पाठवलंय.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मक्याचा ब्रेड ही ‘त्यांची भाकरी’ मानणं. मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस हा गुलामांना मोजून मिळणारा शिधा होता. हे सांगितल्याशिवाय तुलना करू देऊ नका.

चित्रं दाखवणार असाल तर कलिंगडाबाबत जपा. गुलामी संपल्यावर काळ्या शेतकऱ्यांनी ते पिकवून विकलं, आणि गोऱ्या व्यंगचित्रकारांनी त्याचीच काळ्या माणसांसाठी शिवी केली. म्हणून चित्राखाली चित्रकार आणि साल लिहा. दोन्ही सापडत नसतील तर ते चित्र भिंतीवर लावू नका.