जुन्या अमेरिकन फेडरल कोर्टांच्या नोंदी शोधताना या चुका टाळा

अ‍ॅरन बर हा अमेरिकेचा माजी उपाध्यक्ष. १८०७ साली त्याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला आणि न्यायासनावर होते खुद्द सरन्यायाधीश जॉन मार्शल. एवढं वाचून अनेक जण सुप्रीम कोर्टाच्या दप्तरात त्या खटल्याचे कागद शोधायला लागतात आणि हात हलवत परत येतात. खटला चालला होता रिचमंडला, व्हर्जिनिया डिस्ट्रिक्टच्या सर्किट कोर्टात. मार्शल तिथे सर्किटचं, म्हणजे फिरतीच्या कोर्टाचं, काम पाहायला आले होते; जोडीला डिस्ट्रिक्ट जज सायरस ग्रिफिन.

बाकीच्या निम्म्या चुकांचं मूळ याच घोटाळ्यात आहे. आजच्या कोर्टांची रचना डोक्यात ठेवून दोनशे वर्षांपूर्वीचे कागद धुंडाळले जातात.

सर्किट कोर्ट हे अपिलाचं कोर्ट नव्हतं

१७८९ च्या कायद्याने फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टांसाठी १३ डिस्ट्रिक्ट (कोर्टाच्या हद्दीचे विभाग) आणि तीन सर्किट (अनेक डिस्ट्रिक्ट मिळून एक) आखले. डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे मुख्यतः जहाजांचे आणि समुद्रावरचे दावे, जकात चुकवल्याबद्दलच्या जप्त्या आणि किरकोळ गुन्हे. मोठे गुन्हे, तसंच वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांमधले ५०० डॉलरवरचे दावे सर्किट कोर्टात जात. तिथे ज्युरी बसायची, साक्षी व्हायच्या. डिस्ट्रिक्ट कोर्टातली काही अपिलंही येत, पण ते जोडकाम. गंमत म्हणजे एवढ्या कामाच्या कोर्टाला सुरुवातीला स्वतःचा न्यायाधीशच नव्हता. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती गावोगाव फिरत येत आणि स्थानिक डिस्ट्रिक्ट जजसोबत बसत. १८०१ मध्ये वेगळे न्यायाधीश नेमले गेले, पण १८०२ मध्ये नव्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, तो कायदाच रद्द केला. त्या काळातल्या नोंदींत अनोळखी न्यायाधीशांची नावं दिसली, तर आपण भलतीच वही उघडली असं समजू नका.

पुढचा गुंता १८९१ चा. त्या वर्षी सर्किट कोर्ट ऑफ अपील्स नावाची नवी कोर्टं आली, आणि जुनी सर्किट कोर्टं मात्र १ जानेवारी १९१२ पर्यंत चालू राहिली. वीसेक वर्षं जवळजवळ एकाच नावाची दोन कोर्टं शेजारी शेजारी होती. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांची केस नेमकी या काळातली. त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व द्यायला हरकत नाही, असा निकाल १९०९ मध्ये न्यू यॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमधल्या सर्किट कोर्टाने दिला. सरकार अपिलात गेलं आणि १९१० मध्ये सेकंड सर्किटच्या अपील कोर्टाने तो निकाल कायम केला. दोन्ही कोर्टांच्या नावात सर्किट आहे, पण नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागारात, त्यांची दप्तरं वेगळी. डिस्ट्रिक्ट आणि जुन्या सर्किट कोर्टांचे कागद रेकॉर्ड ग्रुप २१ मध्ये, अपील कोर्टांचे २७६ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाचे २६७ मध्ये. केस वर गेली असेल, तर प्रत्येक पायरीची फाइल स्वतंत्रपणे मागवावी लागते.

आजचा नकाशा बाजूला ठेवा

स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन बी. अँथनी यांनी, स्त्रियांना तो हक्क नसताना, नोव्हेंबर १८७२ मध्ये रॉचेस्टरला मतदान केलं आणि जून १८७३ मध्ये कॅनंडेग्वा इथे त्यांच्यावर खटला चालला. दोन्ही गावं आज न्यू यॉर्कच्या वेस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये येतात. पण वेस्टर्न डिस्ट्रिक्ट जन्मालाच आला १९०० मध्ये, त्यामुळे हा खटला नॉर्दर्न डिस्ट्रिक्टच्या सर्किट कोर्टाच्या नावावर आहे. न्यू यॉर्क राज्याचं हे विभाजन पाठच करून ठेवावं: १८१४ पर्यंत एकच डिस्ट्रिक्ट, मग नॉर्दर्न आणि सदर्न, १८६५ मध्ये सदर्नमधून ईस्टर्न वेगळा. म्हणजे १८५० सालचा ब्रुकलिनचा दावा ईस्टर्नमध्ये सापडणार नाही.

घटना घडली त्याच राज्यात केस, हेही गृहीत धरू नका. गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकन माणसांनी ताब्यात घेतलेलं ‘अमिस्टाड’ जहाज ऑगस्ट १८३९ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडच्या टोकाजवळ पकडलं, पण अमेरिकन नौदलाचा लेफ्टनंट गेडनी ते घेऊन गेला कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला. त्यामुळे कागद कनेक्टिकटचे. जहाजावरच्या आफ्रिकन माणसांवरचे फौजदारी आरोप सर्किट कोर्टापुढे आले, जहाज आणि मालावरचे हक्क डिस्ट्रिक्ट कोर्टाने तपासले, आणि १८४१ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात संपलं. एकच घटना, तीन कोर्टं. जहाजांच्या केसेस सूचीत बऱ्याचदा जहाजाच्या नावाखाली असतात, हेही ध्यानात ठेवा. माणसाचं नाव घेऊन बसलात तर दिवस फुकट जाईल.

जेम्स जॅक्सनच्या मागे लागू नका

न्यू यॉर्कच्या जमिनीच्या दाव्यांत जेम्स जॅक्सन नावाचा वादी इतक्या वेळा भेटतो, की हा कोणी मोठा जमीनदार असावा असं वाटतं. प्रत्यक्षात असा माणूसच नव्हता. ताबा मागण्याच्या जुन्या पद्धतीत एक काल्पनिक भाडेकरू उभा करायचा, त्याच्या नावाने दावा लावायचा आणि खरा मालक मागे राहायचा. १८३० मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालेलं कार्व्हर विरुद्ध जॅक्सन हे प्रकरण बघा. त्यात जॅक्सनच्या पाठीशी होता जॉन जेकब अ‍ॅस्टर, त्या काळातला अमेरिकेतला बडा धनाढ्य. सूचीत फक्त ‘जॅक्सन’ वाचून पुढे गेलात, तर अ‍ॅस्टर हातून निसटला. नावापुढचे ‘एक्स डेम.’ हे दोन तुटक शब्द दिसले, की त्यांच्या पुढचं नाव टिपून घ्या. खरा दावेदार तोच.

याच केसमध्ये दुसरी मेखही आहे. खाली सर्किट कोर्टात कार्व्हर प्रतिवादी होता. तो हरला, वर गेला, आणि म्हणून वरच्या कोर्टात त्याचं नाव पहिलं आलं. नावांचा क्रम उलटा करून शोधणं हा उपचार नव्हे, गरज आहे. प्रतिवादीच्या वकिलाच्या कागदांवर मधे ‘अ‍ॅड्स.’ लिहिलेलं असेल, तर तिथेही प्रतिवादीचं नाव आधी असतं.

छापील क्रमांक म्हणजे कोर्टाचा क्रमांक नव्हे

‘फेडरल केसेस’ या संग्रहात १८८० पर्यंतच्या खालच्या फेडरल कोर्टांचे १८ हजारांहून जास्त निकाल आहेत, आणि ते लावले आहेत नावांच्या अकारविल्हे. अँथनी खटल्याला तिथे १४,४५९ हा क्रमांक आहे. तो संपादकांनी दिलेला. आर्काइव्ह्जला तोच आकडा कळवलात, तर समोरचा माणूस गोंधळेल. सुरुवातीच्या काळात केस ओळखली जायची ती पक्षकारांची नावं आणि कोर्टाचं सत्र यांवरून. शिवाय छापले गेले ते निवडक निकाल. संग्रहात नाव नाही म्हणून खटलाच झाला नाही, हा निष्कर्ष साफ चुकीचा.

आता प्रत्यक्ष कागदाकडे. जुने कोर्टकागद घडी घालून ठेवलेले असत, आणि सगळ्यात उपयोगी मजकूर आत नाही, घडीच्या बाहेरच्या बाजूला असतो: पक्षकारांची नावं, कागदाचा प्रकार, दाखल केल्याची तारीख, कारकुनाची सही. फोटो काढताना लोक आतलं पान टिपतात आणि ही पाठ विसरतात. मग घरी आल्यावर तारीख लागत नाही. दुसरं म्हणजे ‘कॅपियस’ म्हणजे पकडून आणण्याचा हुकूम दिसला, की माणूस गुन्हेगार ठरवला जातो. साध्या उसनवारीच्या दाव्यातही तो निघत असे. आणि मार्शलने, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याने, पाठीवर ‘नॉन एस्ट’ असा शेरा मारला असेल, तर तो माणूस त्या डिस्ट्रिक्टमध्ये सापडला नाही, एवढाच अर्थ.

निकाल वाचून गोष्ट संपली असं धरू नका. अँथनी यांना १०० डॉलर दंड झाला. त्यांनी तो कधीच भरला नाही. मिनिट बुक म्हणजे कोर्टाचा रोजनामा, त्यात निकालाच्या दिवसापर्यंतचं कळतं. वसुलीचे हुकूम वेगळे शोधावे लागतात. लॉ (मुख्यतः पैशाच्या भरपाईचे दावे) आणि इक्विटी (मनाई हुकूम वगैरे मागणारे दावे) या दोन बाजू १९३८ पर्यंत वेगळ्या होत्या, त्यामुळे एकाच भांडणाचे दोन दावे दोन वह्यांत असू शकतात.

नागरिकत्वाचे कागद शोधणाऱ्यांनी तर फेडरल कोर्टावरच अडून बसू नये. राज्यांच्या कोर्टांनाही तो अधिकार होता. वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं ते लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टात, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याच्या. ते रद्द करण्याचा सरकारचा दावा मात्र फेडरल कोर्टात चालला, आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात सरकार हरलं.

पेसरवर, म्हणजे कोर्टाच्या ऑनलाइन यंत्रणेवर, एकोणिसाव्या शतकातलं काही मिळत नाही. तिथे पैसे घालवू नका. नॅशनल आर्काइव्ह्जच्या संबंधित शाखेला ई-मेल टाका आणि त्यात कोर्टाचं त्या काळचं पूर्ण नाव, डिस्ट्रिक्ट, वर्ष किंवा सत्र, दाव्याचा प्रकार आणि नावं दोन्ही क्रमांनी लिहा. खोकी दुसऱ्याच शहरातल्या गोदामात असू शकतात, म्हणून उत्तर येईपर्यंत प्रवासाचं तिकीट काढू नका.