पुण्याच्या काळ्या जमिनीत मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधताना

आधी कायदा. शनिवारवाडा, लोहगड यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या आवारात डिटेक्टर काढूच नका. खासगी शेतात मालकाची लेखी परवानगी घ्या. जमिनीत दडलेला 10 रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.

इथली खरी अडचण म्हणजे बेसॉल्टची माती. तिच्यात लोहखनिज भरपूर, म्हणून यंत्र उगाच कुरकुरते. धातू नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) जमिनीपासून 30 सेंमीवरून 5 सेंमीपर्यंत खालीवर करत ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजाचा आवाज वगळण्याची सोय) जुळवा, आवाज स्थिर होईपर्यंत. तरीही कुरकुर थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी कमी करा; खोली थोडी घटते, पण खोटे इशारे थांबतात. अशा मातीत डीडी कॉइलच (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) घ्यावी.

कॉइल जमिनीला समांतर, सावकाश फिरवा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवून. इशारा आला की काटकोनात फिरून पुन्हा तपासा. एकाच दिशेने वाजला तर बहुधा खिळा.

खड्डा बुजवाच. आणि शिवराई (शिवकालीन तांब्याचे नाणे) मिळाली तर घासू नका! ‘श्री राजा शिव’, ‘छत्रपति’ ही अक्षरे झिजतात. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून माती सुटू द्या.