इंग्रजी म्हण कळली, पण संध्याकाळी सातला करायचं काय?

चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसले, तरी शिकवणी काही सुटली नाही. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या इमारतीतल्या तरुण आया मोबाइल पुढं धरून येतात. "मॅडम, ह्याचा अर्थ सांगा की." मुलं कशी वाढवावीत याचा सल्ला असतो, चार ओळींचा, त्यात तीन म्हणी. शब्द न् शब्द ओळखीचा आणि डोक्यात उजेड शून्य.

मी त्यांना एकच रीत सांगते. आधी म्हणीतलं चित्र जसंच्या तसं डोळ्यांपुढं आणा. मग ती तुम्हाला आज संध्याकाळी कुठलं काम सांगतेय ते शोधा. काम सापडलं की मराठी आपोआप सापडतं.

पण चित्र नीट बघायचं हं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची तासगावकडं द्राक्षबाग आहे. पोरगं शाळेतून दुसऱ्याची पेन्सिल घेऊन आलं आणि "सापडली" म्हणालं. सल्ल्यात होतं, 'निप इट इन द बड'. मी म्हटलं, सुरुवातीलाच खुडून टाका. ते हसायलाच लागले. "मॅडम, शेंडा खुडला की बाजूनं बगलफुटी येत्यात. एकाच्या जागी चार!" मी गप्प. बागेत हयात घालवलेल्या माणसाला मी काय सांगणार? रात्री लक्षात आलं, चूक माझीच होती. म्हणीत शेंडा नाहीच, कळी आहे. कळी खुडली की फूल नाही, फूल नाही तर फळ नाही. तरी त्यांची शंका मी सोडून दिली नाही. नुसतं दरडावलं तर खोटं थांबत नाही, त्याला बगलफुटी येतात: लपवणं, दुसऱ्यावर ढकलणं. मग काम असं ठरलं की दुसऱ्याच दिवशी बापलेकांनी मिळून पेन्सिल परत द्यायची. ओरडायचं नाही, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विषय काढायचा नाही.

व्याकरणाकडंही बघा. 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड' वाचून एका बापानं मला विचारलं, "छडी बाजूला ठेवा आणि पोराचे लाड करा, असंच ना?" अर्थ बरोब्बर उलटा! इथला 'अँड' म्हणजे 'तर': छडी आवरली तर पोर बिघडलं. कल्पना बायबलातल्या नीतिसूत्रांमधली; पण हे शब्द १७व्या शतकातल्या सॅम्युअल बटलरच्या एका विडंबनकाव्यातले, आणि तिथं विषय चाललाय प्रेमाचा. आपल्याकडं 'छडी लागे छमछम' आहेच. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७नं शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. त्या गृहस्थांना म्हटलं, तुमचं चुकीचं भाषांतरच घरी लावा. निदान पहिला अर्धा भाग तरी.

सगळ्यांत जास्त घात करतात त्या जुळ्या दिसणाऱ्या म्हणी. 'अॅज द ट्विग इज बेंट, सो ग्रोज द ट्री', म्हणजे डहाळी वाकवाल तसं झाड वाढतं, हे दिसलं की लोक बिनधास्त लिहितात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. अहो, पाळण्यातले पाय म्हणजे गुण जन्मजातच दिसतात, आईबापांनी नुसतं बघायचं. इंग्रजीतली डहाळी आपण वाकवायची आहे. एकीत काम आहे, दुसरीत नाही. मराठीत मला चपखल जोड सुचेना. जतकडची माझी मैत्रीण भाजी निवडता निवडता कानडीत म्हणाली, "गिडवागि बग्गद्दु मरवागि बग्गीते?" रोप असताना वाकलं नाही ते झाड झाल्यावर वाकेल का? घ्या! मी शब्दकोश उघडून बसले होते.

'डोन्ट थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर' सोपी आहे: न्हाणीचं पाणी फेकताना बाळ फेकू नका. म्हणजे मोबाइलचा वेळ कमी करा, पण आजोबांचा रविवारचा व्हिडिओ कॉल त्यात बंद करू नका. जुन्या काळी अख्खं घर एकाच पाण्यात आंघोळ करायचं, पाणी इतकं गढूळ व्हायचं की बाळ दिसायचं नाही, अशी गोष्ट हमखास पाठवली जाते. ती रचलेली आहे. म्हण जर्मन आहे, १५१२ सालच्या थॉमस मुर्नरच्या उपहासकाव्यात सापडते.

काही म्हणींत कामच नसतं. 'धिस टू शॅल पास' म्हणजे हेही दिवस जातील. अशी आली की चहा टाकायचा.

राहिली 'वॉटर अंडर द ब्रिज'. तळमजल्यावरची आई मुलाला मागच्या वर्षीचे गणिताचे मार्क रोज जेवताना ऐकवायची. मी विचारलं, "पुलाखालून पाणी गेलं म्हटल्यावर तुला काय दिसतं?"

"आयर्विन पूल."

बरोबर आहे. सांगलीकराला पुलाखालचं पाणी म्हणजे निघून गेलेली गोष्ट वाटतच नाही. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की आपण ते फुटांत मोजतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. तेव्हा इथं ही म्हण कामाची नाही, आपलं 'झालं गेलं गंगेला मिळालं' घ्यायचं. काम एवढंच: ताट वाढल्यापासून उचलेपर्यंत मागच्या वर्षाचं नाव नाही.

"आणि राहवलंच नाही तर?"

"तर फूट मोजायचे."

परवा जिन्यात भेटली. म्हणाली, "मॅडम, काल रात्री अडतीस होतं. उठून भात आणायला गेले."