कामाच्या रगाड्यात स्वतःसाठी वेळ कसा राखायचा

बहुतेकांचं गणित एकाच ठिकाणी चुकतं. झोप, व्यायाम, निवांतपणा हे सगळं ‘कामं उरकली की’ या खात्यात टाकलेलं असतं आणि कामं काही उरकत नाहीत. म्हणून क्रम उलटा लावावा लागतो. पण त्याआधी वेळ जातो कुठे ते बघा.

सलग 7 दिवस एक छोटी वही जवळ ठेवा. काम झालं की लगेच काम आणि लागलेली मिनिटं लिहा. रात्री आठवून लिहायला बसलात तर पाच-पाच मिनिटांची कामं हमखास सुटतात: फोन, शोधाशोध, कुणाला तरी तिसऱ्यांदा आठवण करणं. संध्याकाळ खातात ती हीच. जे काम दुसरं कुणी करतं, पण लक्षात तुम्हाला ठेवावं लागतं, त्यापुढे फुली मारा. हा भार घड्याळात दिसत नाही, पण थकवतो फार.

आठवड्यानंतर फुलीवाल्या कामांपासून सुरुवात करा. काम वाटून देताना ते अख्खं द्या. ‘आजोबांची औषधं घेऊन ये’ असं सांगितलंत तर फक्त दुकानाची फेरी वाचली. कोणती गोळी संपत आलीय हे अजूनही तुमच्याच डोक्यात आहे. अख्खं काम म्हणजे दर रविवारी गोळ्या मोजायच्या, 7 दिवसांच्या उरल्या की चिठ्ठी घेऊन जायचं, आणलेल्या गोळ्या चिठ्ठीशी ताडून डबीत भरायच्या. एकदा शेजारी बसून दाखवा. मग महिनाभर मध्ये पडू नका. पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी असली तरी चालेल, मात्रा आणि वेळ चुकता कामा नये. बहुतेक वाटण्या इथेच फिसकटतात: दोनदा टोकलं की काम मुकाट्याने परत तुमच्याकडे येतं.

आता आठवड्याचा कागद घ्या आणि पहिली झोप मांडा. प्रौढ माणसाला रोज किमान 7 तास झोप हवी. उठायची वेळ 6 असेल तर साडेदहाला दिवा बंद आणि पावणेदहाला शेवटचं काम बंद. कॉफीतलं निम्मं कॅफीन साधारण 5 तासांनीही अंगात असतं, म्हणून दुपारी 3 नंतर ती नको. त्यानंतर हालचाल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे भरभर चालणं 30 मिनिटं, 5 दिवस. शिवाय 2 दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही धरले जातात, त्यामुळे सलग अर्ध्या तासासाठी अडून बसू नका.

कामं त्यानंतर लिहा, आणि वहीतली मिनिटं बघून लिहा. अंदाजावर गेलात तर वेळ कमीच धरला जातो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच हे दाखवून दिलं होतं. नोंद नसेल तर अंदाजाच्या दीडपट धरा.

झोपण्यापूर्वी 5 मिनिटं उद्याची कामं कागदावर उतरवा. 2018 च्या एका प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. मात्र नुसतं ‘बिल’ असं लिहू नका; ‘11 वाजता वीजबिल भरणे’ असं लिहा.

सवय जडायला वेळ लागतो. लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला याच्या कितीतरी पट. एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा करा.

घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर हा कागद टिकणार नाही. तेव्हा व्यायाम, यादी सगळं बाजूला ठेवा आणि फक्त सलग झोप वाचवा. दोघं असाल तर पाळ्या लावा: एकाची झोप रात्री 9 ते 2, दुसऱ्याची 2 ते 7. ज्याची झोपायची वेळ आहे त्याने शक्यतो दुसऱ्या खोलीत झोपावं. एकटेच असाल तर आठवड्यातून 2 रात्री तरी कुणाला तरी मदतीला बोलवा, आणि ते संकोच न करता मागा. झोप मिळूनही दोन आठवडे मन उदास राहिलं, भूक गेली किंवा कशातच रस वाटेना, तर डॉक्टरांना दाखवा.