बेवारस कॅम्पर व्हॅन रस्त्यावरून अशी हटली (माझा अनुभव)

रंकाळ्याजवळ आमच्या गल्लीच्या तोंडाला जुनी कॅम्पर व्हॅन कित्येक महिने पडून होती. चाकं बसलेली, नंबरप्लेट गायब, आत पाणी साचून डास. तोंडी तक्रारी केल्या, फोन केले. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी जमलं ते असं. आधी एकाच जागेवरून सलग दोन दिवस फोटो काढले, तारीख-वेळ दिसेल असे. कारण मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७: सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस पडलेली गाडी उचलायला हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. म्हणून अर्ज आधी पोलिसांकडंच. मग धूळ पुसून चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) उतरवला, कलमासह लेखी अर्ज दिला, प्रत वॉर्ड ऑफिसला. दोन्हीकडं आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याचा नोंद क्रमांक) घेतलाच. क्रेन आली, गाडी गेली. उचलण्याचा खर्च मालकावर, हेही त्याच कलमात आहे.