एस्टरमध्ये अल्कॉक्साइड टाकताना या चुका टाळा

नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला क्लेझन कंडेन्सेशन (बेस वापरून एस्टरचे दोन रेणू जोडण्याची रिअॅक्शन) फसलं की प्रश्न ठरलेला असतो: "सर, इथं इथॉक्साइड बेस आहे की न्यूक्लिओफाइल?" बेस म्हणजे प्रोटॉन ओढून घेणारा, न्यूक्लिओफाइल म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन कार्बनवर हल्ला करणारा. इथॉक्साइड, म्हणजे इथेनॉलचा प्रोटॉन काढल्यावर उरणारं अल्कॉक्साइड, ते दोन्ही आहे, एकाच फ्लास्कमध्ये, एकाच वेळी. विचारायचं ते हे, की कोणत्या वाटेवरून माघारी येता येत नाही.

इथाइल अॅसिटेट या एस्टरच्या कार्बोनिलवर (C=O गटावर) इथॉक्साइड सतत हल्ला करत असतं. पण आत येतं इथॉक्साइड आणि बाहेर पडतं तेही इथॉक्साइडच, त्यामुळे काही घडल्याचं दिसत नाही. कार्बोनिलशेजारच्या कार्बनवरच्या, म्हणजे अल्फा हायड्रोजनचा पीकेए (तो जितका कमी, तितका प्रोटॉन सहज सुटतो) साधारण 25, इथेनॉलचा 16, म्हणजे इनोलेटही (तो प्रोटॉन गेल्यावर उरणारा, दुसऱ्या एस्टर रेणूला जोडला जाणारा आयन) जेमतेमच बनतो. तरी रिअॅक्शन पुढे जाते, कारण तयार झालेल्या इथाइल अॅसिटोअॅसिटेटचा पीकेए 11 च्या आसपास आहे. त्याचा प्रोटॉन इथॉक्साइड ओढून घेतं आणि सगळा तोल तिकडे झुकतो. म्हणून इथं कॅटॅलिस्टपुरता बेस घालून भागत नाही. प्रॉडक्टच्या प्रत्येक मोलमागे एक मोल बेस खर्ची पडतो, शेवटी आम्ल घालावंच लागतं. इथाइल आयसोब्युटिरेट याच कारणानं अडतं: प्रॉडक्टमध्ये दोन कार्बोनिलच्या मधला हायड्रोजनच उरत नाही. रात्रभर रिफ्लक्स करून उपयोग नाही, जास्त ताकदीचा बेस लागतो.

इथाइल एस्टरला मिथॉक्साइड वापरू नका. अदलाबदल होऊन मिथाइल आणि इथाइल एस्टरचं मिश्रण हाती येतं. एस्टरमध्ये जो अल्कॉक्सी गट, तोच बेसमध्ये हवा. टर्शरी ब्युटॉक्साइड आकारानं मोठं असल्यामुळे कार्बोनिलवर सहज जात नाही, बेस म्हणूनच जास्त चालतं.

सगळ्यात जास्त घात करतं ते पाणी. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये साधारण 5 टक्के पाणी असतं. त्यातून हायड्रॉक्साइड बनतं, एस्टर फोडतं आणि कार्बोक्सिलेट (आम्लाचं मीठ) तयार होतं. तिथून परत फिरणं नाही. पावसाळ्यात वारंवार उघडलेल्या बाटलीतलं इथॉक्साइड पिवळट, गोळे झालेलं दिसलं तर वापरू नका. फ्लास्कमधला पांढरा साका पाहून मात्र लगेच हरखू नका आणि घाबरूही नका, तो कार्बोक्सिलेटचा असू शकतो, पण प्रॉडक्टचं सोडियम मीठही तसंच दिसू शकतं. थोडा नमुना आम्ल घालून किंचित आम्लधर्मी करा आणि फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाका. लालसर-जांभळा रंग आला तर अॅसिटोअॅसिटेट आहे. नुसता व्हिनेगरसारखा वास आला आणि रंग आलाच नाही, तर एस्टर पाण्यानं खाल्ला.

करडईच्या तेलापासून बायोडिझेल करताना गणित उलटं. तिथं मिथॉक्साइड न्यूक्लिओफाइल म्हणूनच हवं असतं आणि ते परत मिळत राहतं, म्हणून थोडंसं पुरतं. पण तेल खवट असेल तर त्यातली मोकळी फॅटी आम्लं मिथॉक्साइडला आधी गाठतात. साबण होतो आणि ग्लिसरॉलचा थर नीट सुटत नाही. म्हणून मिथॉक्साइड तोलण्याआधी तेलाचं टायट्रेशन करून आम्लता मोजा. ती जास्त निघाली तर मिथेनॉल आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून त्या फॅटी आम्लांचं आधी एस्टर करून घ्या, तयार झालेलं पाणी काढा आणि मगच मिथॉक्साइड टाका.